बाटल्या आधी खाली ठेवा, बाई

वाचकाचं पत्र

"ताई, सप्रेम नमस्कार. मी सांगलीची, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. घरामागे वीस बाय पंधरा फुटांची काळ्या मातीची जागा आहे. नात वरचं खायला लागली तेव्हा ठरवलं, तिच्या ताटात बिनऔषधाची भाजी पडली पाहिजे. मे महिन्यात गावाकडून ट्रॉलीभर शेण आणून मातीत मिसळलं, जूनमध्ये भेंडी, टोमॅटो, वांगी, चवळी, दुधी लावलं. जीवामृत, दशपर्णी अर्क, कडुनिंबाचं तेल, ह्युमिक, समुद्रशेवाळाचं टॉनिक, सगळं विकत आणलं आणि दर तीन दिवसांनी काही ना काही फवारत राहिले. तरीही टोमॅटोची पानं आकसून गोळा झाली. भेंडी पिवळी पडली. चवळीवर मावा आला, त्यात काळ्या-नारिंगी काटेरी अळ्याही होत्या, त्या मी वेचून चिरडल्या. वांग्याची हातभर झालेली झाडं एकेक करून सुकली, उपटली तर मुळंच खाल्लेली. दुधीला फुलं येतात आणि गळतात. कंपोस्टच्या ड्रमचा वास शेजाऱ्यांपर्यंत जातो. आमचे हे म्हणतात, तंबाखूचं पाणी मार. भाचा म्हणतो, आत्या, एकदा दुकानातलं औषध मार आणि सुटका करून घे. सेंद्रिय भाजी घरी खरंच होते का, की हे नुसतं बोलायला बरं असतं?"

उत्तर

नमस्कार बाई,

होते. कृष्णाकाठच्या वांग्यांचं नाव ज्या मातीमुळे झालं, त्याच मातीत तुमचं परसू आहे, तेव्हा माती कमी पडली असं मनातही आणू नका.

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात काय काय आणि किती दिवसांनी फवारलं याची नोंद आहे, पण पाणी किती आणि कधी घालता, ऊन किती तास येतं, माती हाताला कशी लागते याबद्दल एक ओळ नाही. मला अडचण इथेच दिसते. रासायनिक बाटली गेली आणि तिच्या जागी सेंद्रिय बाटली आली, बाकी पद्धत तीच राहिली: पान वाकडं दिसलं की फवारा. सेंद्रिय भाजीपाल्याचं बहुतेक काम जमिनीखाली, योग्य हंगामात आणि आपल्या डोळ्यांनी होतं. फवारणी हा त्यातला अगदी शेवटचा आणि लहानसा भाग. म्हणून पहिली विनंती ही की पुढचे तीन आठवडे सगळ्या बाटल्या खाली ठेवा. काहीही फवारू नका. झाडं मेली तर मरू द्या, तशीही त्यांतली बरीचशी आता काढायचीच आहेत.

आता एकेक बघू. वांग्यापासून सुरुवात करते, कारण ते नुकसान सगळ्यात मोठं आहे आणि त्याचं मूळ मे महिन्यात आहे.

वांग्याची मुळं खाल्ली ती बहुधा हुमणीनं. सुकलेल्या झाडाच्या बुडाशी वीतभर खणून पाहा. इंग्रजी 'सी'सारखी वाकलेली, पांढरी, तपकिरी डोक्याची जाड अळी सापडली तर शंकाच नको. तुमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही ऊसवाल्याला विचारा, हुमणीचं नाव काढलं की तो कपाळाला हात लावेल. वळवाचा पहिला पाऊस झाला की हिचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर येतात, कडुनिंब-बाभळीवर बसून पाला खातात आणि मग जमिनीत अंडी घालतात. न कुजलेलं शेण आणि अर्धवट शेणखत हे त्यांचं आवडतं ठिकाण. तुम्ही नेमकं वळवाच्या तोंडावर ट्रॉलीभर कच्चं शेण मातीत मिसळलंत. अळ्या कदाचित शेणातूनच आल्या असतील, नाहीतर त्या शेणानं भुंगेरे ओढून आणले असतील. दोन्ही वाटा एकाच चुकीच्या खतातून निघतात. विकत घेताना 'शेणखत' म्हणून जे मिळतं त्यातलं निम्मं नुसतं वाळलेलं शेण असतं, हे शहरात राहणाऱ्याला सहसा कुणी सांगत नाही.

कुजलेलं खत ओळखायला सोपं आहे. मूठभर घ्या: शेणाचा वास येता कामा नये, पहिल्या पावसाच्या मातीचा वास आला पाहिजे. ढिगात हात घातला तर गरम लागता कामा नये. चुरलं की भुसभुशीत पडलं पाहिजे. उरलेलं शेण बागेच्या कोपऱ्यात ढीग करून ठेवा, त्यात थरांनी उसाचं पाचट आणि वाळका पाला घाला, ओलसर ठेवा, वरून झाका. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 या काळात इंदूरला होते. तिथे आपल्याच शेतकऱ्यांच्या पद्धती बघून त्यांनी काडीकचरा आणि शेणाचे थर लावायची रीत बसवली, आजही ती इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. तिच्यात ढीग तीन वेळा उलथायचा आणि तीनेक महिन्यांत खत तयार. तुमचा ढीग उन्हाळ्याच्या आत नक्की तयार होईल. उलथताना अळ्या सापडतील, त्या वेचून काढा. साळुंक्या आणि बगळे येतील, येऊ द्या. वाफ्यांतली मातीही आता एकदा वीतभर खणून अळ्या वेचा. पुढच्या वर्षी वळीव पडला की संध्याकाळी सातच्या सुमारास कडुनिंबाची फांदी हलवून खाली पडलेले भुंगेरे साबणाच्या पाण्यात टाका. आजूबाजूच्या दोन-चार घरांनी हे मिळून केलं तर फरक दिसतो, एकट्यानं केलं तर कमी दिसतो. मेटारायझियम नावाची बुरशी हुमणीवर चालते, ती कुजलेल्या खतात मिसळून पहिल्या पावसात मातीत द्यायची. विकत घ्यावं असं माझ्या यादीत फार थोडं आहे, त्यात हे येतं.

टोमॅटो आणि भेंडी यांचं दुखणं वेगळं आहे आणि एका अर्थानं सोपं, कारण त्यावर आता उपाय नाही. टोमॅटोची पानं आकसून, वर वळून, झाड झुडपासारखं खुजं राहिलं तर तो पर्णगुच्छ. भेंडीचा हळद्या. दोन्ही विषाणूमुळे होतात आणि दोन्ही पांढरी माशी पसरवते. विषाणू एकदा झाडात शिरला की जीवामृतानं जात नाही, दुकानातल्या औषधानंही जात नाही. भाच्याला हे जरूर सांगा, कारण त्याच्या सल्ल्यानं पैसे जातील आणि झाड तरी वाचणार नाही. झाडं भल्या सकाळी, माशा गारठून सुस्त असतात तेव्हा, पिशवी चढवून उपटा. हळद्या आलेल्या झाडाच्या भेंड्या खायला हरकत नाही, त्या फक्त फिक्या आणि लवकर जून होतात.

तरीपण 'भेंडी पिवळी पडली' एवढ्यावर मी तो हळद्याच असं ठरवत नाही. पान हातात घेऊन उजेडात धरा. शिरा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा असेल तर तो विषाणू. उलट शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, आणि हे शेंड्याच्या कोवळ्या पानांवर असेल, तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या काळ्या मातीत लोह असतं, पण मुळांना ते घेता येत नाही, आणि माती सतत चिंब राहिली की आणखी कठीण होतं. आणि बुडाकडची जुनी पानं एकसारखी फिकट पिवळी होत असतील तर नत्र कमी पडतंय. कच्चं शेण किंवा कोरडं पाचट मातीत मिसळलं की ते कुजवणारे जीवाणू मातीतलाच नत्र ओढून घेतात आणि झाड उपाशी राहतं. एक पिवळा रंग, तीन कारणं, आणि तिन्हींची औषधं वेगळी. म्हणून आधी पान वाचायचं. तुम्ही आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्यात, तुमच्या नजरेला हे आठवड्यात जमेल.

पुढच्या वेळी विषाणूचा बंदोबस्त रोपावस्थेतच करा. रोपं 40 ते 50 मेशच्या, म्हणजे एका इंचात तेवढी छिद्रं असलेल्या, नायलॉन जाळीखाली वाढवा. साध्या मच्छरदाणीची छिद्रं पांढऱ्या माशीला मोठी पडतात. पहिले चार आठवडे झाड माशीपासून वाचलं की पुढे लागण झाली तरी ते बऱ्यापैकी पीक देऊन जातं. वाणाची निवडही महत्त्वाची. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' टोमॅटो पर्णगुच्छाला तोंड देतो. तो संकरित आहे, त्याचं बी धरता येत नाही, हे लक्षात असू द्या. भेंडीत परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी क्रांती' हळद्याला दाद न देणारी म्हणून गाजली. तिची ती ताकद आता बऱ्याच ठिकाणी कमी झाली आहे, तरी घरच्या बागेला ती चांगली, आणि तिचं बी आपलं आपल्याला धरता येतं.

चवळीबद्दल लिहिताना मला खरंच वाईट वाटतंय. त्या काळ्या-नारिंगी काटेरी अळ्या तुमच्या बाजूच्या होत्या. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा, ज्याला लेडीबर्ड म्हणतात, त्याची ती पिल्लं. मोठ्या ढालकिड्यापेक्षाही ही पिल्लं अधाशीपणे मावा खातात. मावा दिसला आणि त्यात ही अळी दिसली, तर समजा की काम सुरू झालंय आणि आपण हात मागे घ्यायचा. साबण आणि तेलाच्या फवाऱ्यानं ही पिल्लंही मरतात, मावा मात्र आठवडाभरात पुन्हा उभा राहतो, कारण माव्याची मादी नराशिवायच पिल्लं घालत सुटते. दर तीन दिवसांच्या फवारणीनं तुम्ही नकळत माव्याचे शत्रूच संपवत होतात. पानाखाली केसासारख्या बारीक दांड्यावर उभं असलेलं पांढरं अंडं दिसलं तर तेही राहू द्या, ते क्रायसोपा नावाच्या, मावा खाणाऱ्या किड्याचं. वांग्यावर मात्र पिवळी काटेरी अळी पान खरवडून जाळी करताना दिसेल, ती ढालकिड्याच्याच कुळातली पण पान खाणारी. ती वेचा. रंग आणि ती काय खातेय, या दोन गोष्टी पाहिल्या की गोंधळ होत नाही.

मावा फारच झाला तर शेंडा खुडून टाका किंवा पाण्याची जोरदार धार मारा. बुंध्यावर मुंग्यांची रांग असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा, कारण मुंग्या माव्याच्या गोड चिकट स्रावासाठी त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावून लावतात.

दुधीला रोग नाही. सुरुवातीची फुलं नर असतात, ती गळणारच. फुलामागे बोटाएवढी लव असलेली दुधी दिसते ते मादी फूल. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, त्या वेळी वस्तीत परागीभवन करणारे पतंग कमी असतात, आणि तुमची तेलाची फवारणीही बहुधा त्याच वेळी होत असणार. दिवेलागणीला एक ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. दोडक्याचंही असंच, संध्याकाळी. लाल भोपळा आणि काकडी मात्र सकाळी. नातीला सोबत घ्या, मुलांना हे काम फार आवडतं.

ड्रमचं थोडक्यात सांगते. वास येतो कारण आत हवा नाही आणि ओल जास्त आहे. एक भांडं ओला कचरा टाकला की दोन भांडी वाळका पाला टाकायचा, एवढा नियम पाळा. ड्रमला चारी बाजूंनी आणि तळाला भोकं पाडा, आठवड्यातून एकदा काठीनं वरखाली करा. शिजवलेलं तेलकट अन्न आणि दूध-दह्याचं काही टाकू नका. वळवळणाऱ्या जाड अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या कचराच खातात. पाला वाढवला की त्या कमी होतात. आठ-दहा दिवसांत शेजाऱ्यांची तक्रार थांबेल.

तंबाखूचं पाणी मात्र नाही. यजमानांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की घरात तयार केलं म्हणून विष सौम्य होत नाही. निकोटिन हे जहाल विष आहे, ते कातडीतूनही शरीरात जातं, आणि ज्या पालेभाजीवर ते फवाराल ती तुम्ही नातीच्या पानात वाढणार आहात. शिवाय तंबाखूच्या पानांतून मोझॅकचा विषाणू टोमॅटो-मिरचीवर येऊ शकतो. घरात कुणी तंबाखू मळत असेल तर बागेत जाण्याआधी साबणानं हात धुवायचे, ही सवयच लावून घ्या.

आणि भाच्याचं औषध. मी त्याला चोर ठरवत नाही, शेतकऱ्याच्या दहा एकरांची गणितं वेगळी असतात. पण प्रत्येक कीटकनाशकाच्या लेबलवर फवारणी आणि काढणी यांमध्ये किती दिवस जाऊ द्यायचे ते छापलेलं असतं. घरच्या बागेत भेंडी, गवार, वांगी आपण दर दोन-तीन दिवसांनी तोडतो. ते दिवस पाळायचे तर मधली सगळी भाजी फेकावी लागेल, आणि न पाळता खायची तर मग बाजारातली भाजी काय वाईट होती? सुरुवात ज्या कारणासाठी केलीत ते कारणच त्यात बुडतं.

आता माती आणि पाणी. इथे मला जरा थांबायचंय, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

काळी माती पाणी धरून ठेवते. हा तिचा मोठा गुण, आणि रोज पाणी घालणाऱ्या माणसाच्या हाती तोच दोष. वर कोरडी, तडकलेली दिसते, पण दोन इंच खाली चिंब असते. मुळांना हवा लागते, चिंब मातीत ती मिळत नाही. म्हणून सपाट जमिनीवर लावू नका, गादी वाफे करा: तीन फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यावर पाय द्यावा लागत नाही, आणि आठ-नऊ इंच उंच. तुमच्या जागेत नऊ फुटांचे सहा वाफे चालायच्या वाटांसह आरामात बसतील. प्रत्येक वाफ्यात दोन पाट्या खरं कुजलेलं खत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड. खत तुमच्याकडे आत्ता नसेल तर यंदा तेवढंच विकत घ्या, कारखान्याच्या मळीचं नीट कुजवलेलं कंपोस्ट तुमच्या भागात मिळतं, तेही चालतं.

वर आच्छादन. सांगलीत राहून माणसानं पाचट विकत घेऊ नये. गाळप सुरू झालं की कुणीही ऊसवाला ते देईल, अनेक जण अजून ते जाळतात आणि ते जळताना पाहून माझा जीव तुटतो. वाफ्यावर तीन-चार इंच जाड थर द्या, रोपाच्या बुंध्याला लागू न देता. ते मातीवर ठेवायचं, मातीत मिसळायचं नाही, कारण मघाशी नत्राचं सांगितलं तेच. आच्छादनाखाली माती थंड आणि ओलसर राहते, तण दबतं, गांडुळं आपोआप वर येतात, त्यांना विकत आणायची गरज नाही. पालेभाजीच्या वाफ्यावर मात्र बी उगवून बोटभर होईपर्यंत थांबा.

पाणी घालायच्या आधी बोट मातीत खुपसा. दोन पेरांपर्यंत ओल लागली तर आज पाणी नाही. थंडीत, आच्छादन असेल तर, मोठ्या झाडांना चार-पाच दिवसांनी पाणी पुरतं. टोमॅटोच्या बुडाला काळा, दबलेला डाग पडतो तेव्हा लोक अंड्याची टरफलं घालत बसतात. काळ्या मातीत चुन्याला तोटा नसतो. तो डाग एकदा कोरडं आणि एकदा चिंब अशा अनियमित पाण्यानं पडतो. चुलीच्या राखेचंही तसंच: कोकणातल्या आंबट तांबड्या मातीला ती मानवते, आपली माती आधीच अल्कधर्मी, तिथे पाटीभर राख नको.

ऊन मोजा. फळभाजीला सहा तास थेट ऊन हवं, पालेभाजी तीन-चार तासांतही येते. झाडाच्या सुक्या वजनातला 95 टक्क्यांच्या आसपास भाग कर्ब, हायड्रोजन आणि प्राणवायू यांचा असतो, म्हणजे हवा आणि पाणी, आणि ते जोडायचं काम ऊन करतं. तुमच्या शेजारच्या कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर गणित शिकवायचे. प्रयोग परिवार या प्रयोगशील शेतकऱ्यांच्या गटातून त्यांनी शेतकऱ्यांच्या डोक्यात हेच भरवलं की पान हा ऊन गोळा करणारा अवयव आहे, आणि शेती म्हणजे चौरस फुटात किती ऊन पकडलं याचा हिशेब. द्राक्षबागायतदारांनी ते मनावर घेतलं. मला परसबागेत ते रोज उपयोगी पडतं: भिंतीच्या सावलीतल्या वाफ्यात टोमॅटो लावून त्याला टॉनिक पाजण्यापेक्षा तिथे अळू आणि मायाळू लावावं.

जीवामृताबद्दल माझं मत विचारलं नाहीत, पण सांगते. नैसर्गिक शेतीचा प्रचार करणाऱ्या सुभाष पाळेकरांच्या पद्धतीतलं जीवामृत हे जीवाणूंचं विरजण आहे, त्यात झाडाचं पोट भरेल एवढी अन्नद्रव्यं नसतात. मातीत खाद्य असेल, वर आच्छादन असेल, तरच त्या जीवाणूंना काम मिळतं. उघड्या, तापलेल्या मातीवर ते ओतणं वाया जातं. आणि ते बाटलीत महिनोन्‌महिने टिकत नाही, म्हणून विकतचं घेऊ नका. एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, दोनशे ग्रॅम गूळ, दोनशे ग्रॅम बेसन, बांधावरची मूठभर माती, वीस लिटर पाणी. सावलीत दोन दिवस, रोज दोनदा ढवळायचं, आठवड्याच्या आत संपवायचं. महिन्यातून एकदा ओल्या मातीवर दिलं तरी भरपूर. कडुनिंबाच्या बाटलीवर नोंदणी क्रमांक आणि पीपीएमचा आकडा, म्हणजे त्यातल्या अझाडिरॅक्टिन या कीडरोधक घटकाचं प्रमाण, नसेल तर ती घेऊ नका. जून-जुलैत निंबोळ्या वेचून वाळवून ठेवल्यात तर बाटलीच लागत नाही: पन्नास ग्रॅम निंबोळी भरडून रात्रभर लिटरभर पाण्यात, सकाळी गाळून चिमूटभर साबणचुरा, फवारणी संध्याकाळी, कारण उन्हात त्याचा गुण जातो. आणि कीड दिसली तरच, दिसली तेवढ्याच झाडावर.

तुम्ही पत्र अगदी चांगल्या वेळी पाठवलंत. पावसाळ्यात, दमट हवेत, नवख्या माणसानं टोमॅटो-वांग्यापासून सुरुवात करणं हेच अवघड होतं. आता हस्ताचा पाऊस ओसरला की आपल्याकडचा सगळ्यात सोपा हंगाम सुरू होतो. घट बसेपर्यंत वाफे तयार करा. दोन वाफे पालेभाज्यांचे: मेथी, पालक, शेपू, चाकवत, करडई, कोथिंबीर. मेथी एकदम सगळी पेरू नका, दर पंधरा दिवसांनी थोडी पेरा, म्हणजे महिनाभरानंतर घरात ताजी मेथी येत राहते. धने रगडून दोन फोडी करून पेरा आणि उगवायला आठ-दहा दिवस लागले तर उकरून बघू नका. एका वाफ्यात मुळा आणि गाजर, एकात पावटा, एकात लसूण आणि कांद्याची पात. सहाव्यात टोमॅटोची फक्त पाच-सहा झाडं, कडेनं झेंडू. वांगी जिथे मेली तिथे यंदा टोमॅटो, मिरची, बटाटा, वांगं यांतलं काहीच नको, ते सगळे एकाच कुळातले. तिथे पावटा घ्या.

बियाणं शक्य तेवढं देशी घ्या आणि दर भाजीचं एक झाड बियाण्यासाठी राखा, पहिलं, निरोगी, खूण बांधलेलं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अशाच जतनातून बियाण्याची बँक उभी केली आणि 2020 चा पद्मश्री त्यांना मिळाला. आपल्या परसातलं पावट्याचं बी दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत त्या जागेला रुळतं, बाजारातलं पाकीट ते देऊ शकत नाही.

रोज सकाळी दहा मिनिटं, वर्गात हजेरी घ्यायचात तशी, प्रत्येक वाफ्यावरून नजर फिरवा. पानं उलटी करून बघा. वांग्याचा शेंडा मान टाकलेला दिसला की आत अळी आहे असं समजून दोन बोटं खालून खुडा आणि तो कंपोस्टमध्ये न टाकता नष्ट करा. याच दहा मिनिटांत निम्मं कीडनियंत्रण होतं. त्याला पर्याय म्हणून विकता येईल असं काही नाही, म्हणून दुकानदार ते सांगत नाही.

एक गोष्ट मात्र मी इथे बसून ठरवू शकत नाही. पाणी बोअरचं आहे का? सांगली-मिरज पट्ट्यात जमिनी खारवटल्याचं तुम्हाला ठाऊक आहेच. पाऊस उघडल्यावर मातीवर पांढुरकी भुकटी दिसते का ते पाहा. बाटलीभर पाणी आणि अर्धा किलो माती, पाच-सहा ठिकाणांहून वीतभर खोल घेऊन एकत्र केलेली, जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत द्या. पाण्याच्या क्षारतेचा आकडा (अहवालात ईसी, डेसीसीमेन्स प्रति मीटर) 0.7 च्या खाली असेल तर निर्धास्त राहा. त्याच्या वर असेल तर घेवडा लावू नका, त्याला खार अजिबात सोसत नाही. पालक आणि बीट बऱ्यापैकी सोसतात. आकडा 3 च्या वर गेला तर छतावरचं पावसाचं पाणी साठवायची सोय बघावी लागेल आणि वाफ्यांची सगळी मांडणीच बदलावी लागेल. तो अहवाल आणि पिवळ्या पानाचा उजेडात धरून काढलेला फोटो पाठवा. भेंडीचं आणि पुढच्या जूनमधल्या वांग्यांचं ते पाहूनच सांगेन.